गागोद्याचे अकरा पाट

७ एप्रिल, सोमवार

ही वही मी मन मोकळं करायला लिहीत नाहीये. आज ज्या सात माणसांवर ओरडायला हवं होतं त्यांतल्या एकावरच ओरडता आलं, आणि तो जगन निघाला, ज्याचा काही दोष नव्हता. उरलेला राग कुठेतरी ठेवायला हवा, म्हणून वही.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत मी पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते. कुठला माल कुठून येतो, कुठे अडतो, एक पुरवठादार बुडाला तर त्याच्यामागे कोण कोण बुडेल, याचं जाळं मांडायचं हे माझं काम. बारा वर्षं केलं. जानेवारीत कंपनीने आमचा अख्खा विभागच काढून टाकला आणि मी सासरी पेणला आले. विराज रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये आहे, तो इथेच राहत होता. आता शनिवार-रविवारचा नवरा रोजचा झाला. भेटेल तो म्हणतो, "बरं झालं, आता घरचंच बघ." त्यात बरं काय झालं ते कुणी सांगत नाही.

घरचं म्हणजे बाबांचा गणपतीचा कारखाना. बाबा, म्हणजे माझे सासरे, चित्रकलेचे शिक्षक होते. सगळं गाव त्यांना महादेव मास्तरच म्हणतं. आज ते आईंना घेऊन माझ्या नणंदेकडे, स्पृहाकडे पुण्याला गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन, आधी एक डोळा, मग दुसरा. पाच आठवडे नाहीत. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "ऋजुता, घाई करू नकोस."

शाडूच्या सहाशे मूर्ती तीन जूनला कंटेनरमध्ये चढून न्यू जर्सीला निघायला हव्यात. कच्च्या मूर्ती तयार आहेत, पण रंग, डोळे, बांधणी सगळं बाकी. आणि हे म्हणतात घाई करू नकोस! ऑर्डर वेळेत गेली तर व्यापारी तीन वर्षांचा करार करणार आहे. नाही गेली तर बाबा यंदाच्या गणपतीनंतर कारखाना बंद करणार. परवा जेवताना ते सहज बोलून गेले, आणि विराज आमटी ओरपत म्हणाला, "बरोबर आहे." मला कुणी विचारलंसुद्धा नाही. हा कारखाना बंद पडू देणार नाही. आधी पुण्याला, आता इथे, अशी दोन ठिकाणी बंद पडायला मी काय कुलूप आहे?

९ एप्रिल, बुधवार

कारखान्यात बाबांचा शाळेतला जुना फळा आहे. त्यावर जाळं मांडलं. प्रत्येक माणूस, प्रत्येक वस्तू म्हणजे एक ठिपका. एकाकडून दुसऱ्याकडे काही जात असेल तर दोघांमध्ये रेघ. भावनगरची माती, रंगवाला, खोकीवाला, जगनचे साचे, रंगकाम, डोळ्यांची आखणी, बांधणी, वाहतूक. मग एकेक ठिपका पुसायचा आणि बघायचं, किती काम अडतं. ज्याला पुसल्यावर जाळ्याचे दोन तुकडे होतात तो ठिपका धोक्याचा. त्याला वेळीच पर्याय शोधायचा. कंपनीत हे संगणक करायचा, इथे खडूने होतं.

जगन वीस वर्षं इथे साचे भरतोय. कमरेवर हात ठेवून बघत होता.

"वैनी, मानूस असा पुसून कळतो व्हय?"

"पुसून बघितल्याशिवाय कळतच नाही, जगन."

"आनि पुसल्यावर परत काडता येतो?"

"फळा आहे तो."

मान हलवून गेला. गाढवापुढे वाचली गीता.

रंगकामाला गागोद्याहून नऊ बायका येतात. त्यांचा एक ठिपका केला: "गागोदे, ९". त्यांतली सरू सगळ्या मूर्तींची आखणी करते. बाबांनी तिला शिकवलंय. ती डोळा आखताना श्वास धरून ठेवते आणि तेवढा वेळ बाकीच्या आठजणीही गप्प बसतात. या कारखान्यात शिस्त म्हणून जी काही आहे ती तेवढीच.

१४ एप्रिल, सोमवार

या जाळ्यातला सगळ्यात संतापजनक ठिपका सापडला: पेंढा.

मूर्ती खोक्यात बांधताना भोवती भाताचा पेंढा लागतो. तो एकाच माणसाकडून येतो, गागोद्याच्या हैबतरावांकडून. दर ठरलेला नाही, करार नाही, कागदाचा एक कपटा नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचा मुलगा रितेश टेम्पोभर पेंढा आणून टाकतो. पैसे घेत नाहीत. बदल्यात गावातल्या अकरा घरांचे गणपती आपण द्यायचे. बाबांच्या आजोबांची जमीन हैबतरावांचे आजोबा कसायचे, कूळकायद्यात ती त्यांची झाली, आणि तेव्हापासून त्याच जमिनीवरचा पेंढा इकडे येतो म्हणे. मी विचारलं, उद्या पेंढा आला नाही तर? जगन म्हणाला, "यील की. न यायला काय झालं?" असल्या भरवशावर कंपन्या बुडतात.

शिवाय अमेरिकेत पेंढा चालतच नाही, त्यात किडे जातात म्हणून मालच अडवतात. हे मी उगाच म्हणत नाही, नियमच आहे तसा.

दुसरी कटकट. बायका आठवड्यातून तीनच दिवस येतात, तेही सोमवार, बुधवार, शुक्रवार. रोज का नाही? "पयल्यापासून तसंच हाय." प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. आज सरूच्या अंबाड्यात पेंढ्याची लांब काडी होती, गिरजाबाईच्या पदराला तर चार चिकटलेल्या. ओल्या रंगावर पडली तर? बोलले मी. सरूने काडी काढून खिडकीबाहेर टाकली आणि हसली. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

निर्णय घेतला. पेंढा बंद, सगळाच. थोडा पेंढा थोडं प्लास्टिक असली खिचडी नको. भिवंडीहून फुगेवाल्या प्लास्टिकचे बारा मोठे रोल मागवले.

रोल ठेवायला जागा हवी म्हणून माळा साफ केला. तिथे गागोद्याचे अकरा पाट फडक्यात गुंडाळून ठेवलेले. प्रत्येक घर पाडव्याला आपला पाट आणून देतं, त्या पाटावर त्या घराचा गणपती बसवायचा आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटासकट घेऊन जायचा. पाच महिने आमच्या माळ्यावर दुसऱ्यांची लाकडं! न्यायला येतील तेव्हा आणतील की बरोबर.

रितेशचा पेंढा उतरवून घेतला आणि रिकाम्या टेम्पोत पाट चढवायला सांगितले. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पाट? परत?"

"हो."

"वैनी, पाट परत धाडताय?"

"मराठीत सांगतेय ना? जागा नाही इथे."

हैबतरावांना रीतसर पत्रही दिलं, छापून. सोमवारपासून आपली सेवा थांबवण्यात येत आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. संबंध संपवायचा तर सभ्यपणे संपवावा, हे कंपनीत शिकले. मला जानेवारीत मिळालेल्या पत्रातही हेच वाक्य होतं, सहकार्याबद्दल आभार.

संध्याकाळी पत्राची दुसरी प्रत टेबलावर राहिली होती. विराजने वाचली आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला. बायकाही आज लवकर उठल्या, कुणी "येतो वैनी" म्हटलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

रंगकामाला एकही बाई आली नाही. नऊच्या नऊ गैरहजर. कुठे लग्न असेल तर सांगायची पद्धत नाही का?

२३ एप्रिल, बुधवार

आजही नाहीत. तळपायाची आग मस्तकात गेली. सरूचा फोन लागत नाही. गिरजाबाईकडे फोन नाही. हैबतरावांना फोन मी का करू? पेंढा गेला म्हणून हे राजकारण चाललंय हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? गावकी! पेंढेवाला चिडला म्हणून रंगवणाऱ्या बसल्या घरी. नाहीतर मग पलीकडच्या आळीतल्या एखाद्या कारखान्याने जास्त मजुरी देऊन पळवल्या असतील. ऐन हंगामात पळवापळवी नवीन नाही.

जगनला विचारलं, तुला काय माहीत आहे?

"मला काय म्हाईत, वैनी? तुमी पुसलं, ते नाय आले."

"मी पेंढा पुसला. बायका नाही पुसल्या."

तो साचा धुवायला गेला. या माणसाला एक वाक्य पूर्ण करायची चोरी आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

बाबांचा फोन. एक डोळा झाला, छान दिसतंय म्हणाले. मग, "पेंढा येतोय ना वेळेवर?" सहाशे मूर्ती, करार, रंग, कशाचं काही नाही, पेंढा! म्हटलं, "सगळं व्यवस्थित चाललंय, बाबा." खोटं बोलले. पण डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाला काय सांगायचं?

बाकी आधीच्या तयार चाळीस मूर्ती प्लास्टिकमध्ये काय सुबक बसल्या! जगनला दाखवल्या. म्हणाला, "गुदमरतील." देव गुदमरतो म्हणे.

२९ एप्रिल, मंगळवार

विराजच्या ओळखीने रोह्यालगतच्या अष्टमी गावाहून मनाली नावाची मुलगी आणली. रोह्याहून रोज रेल्वेने येते. नखांवर फार सुंदर नक्षी काढते म्हणून. आज तिने बारा मूर्तींचे डोळे आखले. बाराही गणपती नुकतंच विजेचं बिल बघितल्यासारखे दिसतात. पोरगी बिचारी घामाघूम झाली होती. "मॅडम, सगळे माझ्याकडेच बघतायत ओ," म्हणाली. तिच्यावर ओरडवलं नाही. तिला पीतांबराच्या काठाला बसवलं, ते ती झकास करते.

सरूने किती डोळे आखले असतील आजवर? कधी मोजले नाहीत. माझ्या जाळ्यात ती "गागोदे, ९" यातली एक नवमांश आहे.

४ मे, रविवार

प्लास्टिक उघडून बघितलं.

उन्हाने आत घाम धरलाय. शाडू ओलावा सोडते, तो बाहेर जायला वाट नाही. रंग मऊ पडला आणि प्लास्टिकचे फुगे त्यात रुतले. चाळीसच्या चाळीस गणपतींच्या पोटावर, सोंडेवर, कपाळावर गोल गोल चट्टे. देवी आल्यात जणू देवाला. पेंढ्यातून वारा खेळतो. हे मला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी "गुदमरतील" एवढा एकच शब्द खर्च केला.

जगनवर ओरडले. तो म्हणाला, "मी सांगितलं व्हतं." मी म्हटलं, "असं सांगतात?" तो म्हणाला, "तुमी ऐकतच नाय, तर कसं सांगनार?" मी रडले, पण रागाने. चाळीस मूर्ती खरवडायच्या, एकोणतीस दिवस उरलेत, रंगवायला माणूस नाही, डोळे आखायला माणूस नाही.

उद्या गागोद्याला जाते. चांगली झाडाझडती घेते त्या हैबतरावांची.

५ मे, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर मी उद्या ते माझ्या सोयीने आठवेन.

विराजची स्कूटर घेऊन गेले. हैबतराव ओटीवर बसले होते. मागे भिंतीला अकरा पाट ओळीने उभे, पुसलेले, वर धुतलेलं फडकं. मला बघून ते उठले.

"या सूनबाई. पानी आना गो."

पाण्याला मी हात लावला नाही. "हैबतराव, माझं काम कुणाच्या सांगण्यावरून बंद पाडलंत?"

"आमी बंद पाडलं?"

"नऊ बायका दोन आठवडे घरी बसल्यात. पेंढ्याचा राग त्यांच्यावरून काढलात ना?"

त्यांनी आत हाक मारली. रेशनकार्डाच्या पिशवीतून माझं पत्र बाहेर आलं, जपून घडी केलेलं. तोवर अंगणात बायका जमल्या होत्या.

"कागूद तुमचाच ना? सेवा थांबवन्यात येत हाय. आमी वाचून घेतला, साऱ्यांना वाचून दावला."

"ते पेंढ्याबद्दल होतं!"

गिरजाबाई पुढे आली. "पेंढा बंद झाल्यावर आमी यायचं कशावर गो बाय? पेंढ्यावर बसूनच येत व्हतो ना."

मला कळायला थोडा वेळ लागला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. अंबाड्यातली काडी. पदराच्या काड्या. मी दोन आठवडे बघत होते.

"एसटीने का नाही आलात?"

"परतीला येस्टी गावते, पन सकाळची जाते साडेसहाला. घरचं पानी, चूल, गुरं कवा करायची? आनि पेंढा बंद म्हंजे आमीबी बंद, असंच समाजलो. गाडीच नको म्हनलात तर गाडीतली मानसं कशी पायजेल असतील?"

"एक फोन तरी करायचा!"

"काय म्हनून?" मागून कुणीतरी म्हणालं. "परत घ्या म्हनून?"

मीही जानेवारीत कंपनीला फोन केला नव्हता. हे तिथे उभं असताना आठवलं आणि अजूनच चीड आली.

हैबतराव म्हणाले, "पेंढ्याचं सोडा, पेंढा गुरं खातील. पाट का धाडलात?"

"जागा नव्हती."

"जागा नवती." त्यांनी मान हलवली. "सूनबाई, घरात कोन गेलं, सुतक आलं, तर आपन व्हऊन आपला पाट परत आनतो. त्या साली त्या घरात गनपती नाय. कारखाना कदी कुनाचा पाट धाडीत नाय. रितेशनं पाट उतरवले तवा माझी म्हातारी बघून रडाया लागली. इचारते, कोन गेलं रं? अकरा घरांत कोन कोन गेलं?"

"मला हे कुणी सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता.

"रितेशनं इचारलं ना. दोनदा इचारलं."

विचारलं होतं. याच वहीत लिहिलंय.

मग मी पाणी प्यायले. चुकलं म्हटलं, पण असं म्हटलं की मलाच ऐकू आलं नसेल. हैबतराव म्हणाले, बुधवारी टेम्पो येईल, बायका येतील. "पन पाट मी टेम्पोत टाकनार नाय. ज्यानं धाडले त्यानं न्यावे, हातात धरून. आनि माझा पाट ऱ्हाऊ दे. त्यो मास्तर आल्यावर मास्तर नेतील."

निघताना मोजलं. अंगणात आठच बायका होत्या.

"सरू कुठाय?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. गिरजाबाई म्हणाली, "सरू रोह्याला लागली ना, कंपनीत. पॅकिंगला. इराजभावनीच लावली. तुमाला म्हाईत नाय?"

६ मे, मंगळवार

काल घरी पोचल्यापासून आज सकाळपर्यंत भांडण.

सरूने त्याला फोन केला होता, काम गेलं, कुठे काही असेल तर बघा. त्याने ठेकेदाराला सांगितलं, चार दिवसांत लागली. एकाच ताटात जेवतो आम्ही आणि हा माणूस मला एका शब्दाने बोलला नाही!

"मला वाटलं तू विचार करून काढलंयस," तो म्हणाला. "पत्र वाचलं मी. इतकं नीट पत्र तू विचार केल्याशिवाय लिहिशील?"

"मग मला विचारायचंस!"

"तू घरी येतेस तेव्हा सांगतेस, ऋजुता. विचारायला जागा कुठे असते?"

मी ताट सरकवलं. जागा, जागा. सगळ्यांना एकच शब्द सापडलाय. फळ्यावरच्या जाळ्यात मी विराजचा ठिपका काढलेलाच नव्हता. त्याचा कारखान्याशी काय संबंध, असं मला वाटलं होतं. माझाही ठिपका नाही त्यात, हे आज दिसलं.

७ मे, बुधवार

सकाळी गागोद्याला जाऊन टेम्पोत मागे, पेंढ्यावर बसून आले. दहा पाट माझ्या मांडीवर आणि बायकांच्या मांडीवर. पेंढा बसायला मऊ असतो आणि खाली रस्ता कितीही वाईट असला तरी दणके लागत नाहीत. आठजणी सगळा रस्ताभर बोलत होत्या: कुठल्या रंगाला किती पाणी लागतं, कुणाच्या हाताला कंप सुटलाय, आज कोण बारीक काम करेल, कोण अंगाचा रंग भरेल. दिवसाच्या कामाची अख्खी वाटणी पेणचा नाका येईपर्यंत झालेली होती. मी पहिल्या दिवसापासून रोज सकाळी त्यांना कामाची वाटणी सांगत होते! त्या "व्हय वैनी" म्हणायच्या आणि आपलं आपलं करायच्या.

जगन दारात उभा होता. माझ्या डोक्यातली काडी त्याने बघितली आणि मोठ्या मुश्किलीने तोंड बंद ठेवलं.

कंटेनरसाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कापायच्या ठरल्या. त्याची कल्पना. विचारल्यावर सांगितली.

१३ मे, मंगळवार

बाबा आणि आई आले. बाबांनी काळ्या चष्म्यातून सगळं बघितलं. चट्टे पडलेल्या मूर्ती, मनालीचे बारा घाबरलेले गणपती, फळा. माळ्यावर दहा पाट मोजले. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही, फोनवरचं खोटंसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उद्याच्या टेम्पोने गागोद्याला जातो म्हणाले.

एकदा ओरडा ना! ओरडले असते तर मी उलट बोलले असते, आणि मला बरं वाटलं असतं.

१४ मे, बुधवार

गेले आणि संध्याकाळी परत आले, हैबतरावांचा पाट छातीशी धरून. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलीय. त्यांच्या खांद्यावर पेंढा होता, मी झटकायला गेले तर म्हणाले, "असू दे."

१ जून, रविवार

सरू आज चौथ्या रविवारी आली. विराजने तिला विचारलं होतं, मी नाही. माझी हिंमत नव्हती. तिची सुट्टी रविवारची, ती गेले चारही रविवार सकाळी येते, पाटावर बसते, संध्याकाळपर्यंत एकशेवीस-पंचवीस मूर्तींचे डोळे आखते आणि जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते. आज शेवटची मूर्ती झाली. चारशे शहाऐंशी. सहाशे नाही झाल्या.

तिने कुंचला धुतला तेव्हा मी म्हटलं, "सरू, परत ये ना. रोज ये, हवं तर तुझ्यासाठी वेगळी गाडी लावते. चुकलं माझं, किती वेळा म्हणू?"

"राग नाय, वैनी. पयला व्हता, आता नाय." ती हात पुसत होती. "थितं डोळे नाय काडायचे, खोकी चिकटवायची. हात सुकून गेल्यासारखा वाटतो. पन थितं माझं नाव हाय. गेटावर कार्ड दावलं की नाव वाचतात. सरिता हैबत, असं."

हैबतरावांची मुलगी. या घरची सून होऊन मला आठ वर्षं झाली. तिचं नाव सरिता आहे हेही मला माहीत नव्हतं आणि ती हैबतरावांची मुलगी आहे हेही.

मग ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. एप्रिलपासून तो तसाच होता. ठिपके, रेघा, पुसलेला पेंढा.

"हे काय काडलंय तुमी?"

"कारखाना. कोण कुणावर अवलंबून आहे ते."

"यात मी कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. "गागोदे, ९".

तिने तो आकडा वाचला. चिडली नाही, हसलीही नाही.

"मग आता आठ करा," म्हणाली, आणि चपला घालून गेली.

३ जून, मंगळवार

कंटेनर गेला. चारशे शहाऐंशी मूर्ती. व्यापारी म्हणाला, करार नाही, पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. बाबा कारखाना बंद करण्याबद्दल काही बोलले नाहीत, चालू ठेवण्याबद्दलही नाही. त्यांनी हैबतरावांच्या पाटावर आज माती घेतली. डोळे ते स्वतः आखणार, एवढंच म्हणाले.

सगळे गेल्यावर मी फळा पुसला. पूर्ण, ओल्या फडक्याने. या वेळी नावं लिहायची असं ठरवलं. सरिता लिहिलं, गिरजाबाई लिहिलं. पुढे एक शेवंता आहे, ती निळा रंग लावते. एक रखमा. मग खडू थांबला. एकीला सगळ्या "धाकटी" म्हणतात, एकीला "वावेकरीण". उरलेल्यांना कोण काय म्हणतं ते मी कधी ऐकलेलंच नाही. नऊ माणसांची चार नावं. बारा वर्षं हेच काम केलं मी, लोक त्याचा पगार देत होते.

राग येतोय, आणि या वेळी काढायला दुसरं कुणी नाहीये.

उद्या बुधवार. साडेआठला टेम्पो येईल.